बसल्या जागी अजिंठा
(पाठीराख्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



संग्रामपूर, जळगाव जामोदच्या डोंगरपट्ट्यातल्या आपल्या संध्याकाळच्या वर्गांत यंदा मुलांना अजिंठा दाखवला. लेण्यांची चहूबाजूंनी फिरवता येणारी चित्रे आता मोबाइलवर मिळतात. प्रोजेक्टर लावला की वर्गाच्या भिंतीवर २६ नंबरच्या लेण्यातला निजलेला बुद्ध दिसतो आणि मागच्या रांगेतली पोरेसुद्धा गप्प होतात.

काहींनी प्रेमाने विचारले, बौद्ध लेणी आपल्या मुलांना कशाला? अहो, अजिंठा बुलढाणा शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. १६ नंबरचे लेणे कोरवून घेणारा वराहदेव हा पाचव्या शतकातल्या हरिषेण राजाचा मंत्री. तसा शिलालेख तिथेच आहे. या वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचे वाशिम. मुलांच्या मुलुखाचाच इतिहास आहे हा.

मात्र काय दाखवायचे याबाबत मी हट्टी आहे. नुसते संगीत लावून फिरवलेला व्हिडिओ मला चालत नाही. अशा एका व्हिडिओत सांगितले होते की १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने लेण्यांचा शोध लावला. सातवीतल्या एका भिलाला मुलीने लगेच विचारले, "ताई, त्याला वाट कुणी दाखवली?"

स्मिथ शिकारीला आला होता. १० नंबरच्या लेण्यात त्याने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली, तीही खांबावरच्या जुन्या चित्रावर! वाट एका गुराखी पोराने दाखवली, असे सांगतात. त्या पोराचे नाव कुठल्याच खांबावर नाही. नंतरच्या इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात या डोंगरातले भिल्ल येतात ते वाघाच्या जोडीला, भीती म्हणून. आपल्या वर्गातली मुले हेच ऐकून घरी गेली, तर पडदा कितीही मोठा असो, काय उपयोग? म्हणून आम्ही चित्र थांबवतो. हे दगडावर लिहिले आहे, ही ऐकीव गोष्ट आहे, इथे कुणाचे तरी नाव राहिले आहे, असे वेगवेगळे सांगतो. एका लेण्याला अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ द्या.

दूरच्यांना चित्रांतून लेणी दाखवण्याची कल्पना तशी जुनीच. रॉबर्ट गिल १८४४ पासून कित्येक वर्षे तिथल्या भिंतींवरची चित्रे उतरवत होता. लंडनला पाठवलेल्या त्याच्या बहुतेक प्रती १८६६ च्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केले. १८८५ मध्ये त्यातल्याही बऱ्याच प्रती जळाल्या. वाचलेल्या प्रतींत अजून असे तपशील दिसतात, जे आज मूळ भिंतीवरून गळून गेलेत. निगुतीने केलेली नक्कल अशी कामाला येते.

प्रोजेक्टर एका मंडळीने दिला, त्यांचे आभार. आता मागणे दुसरेच आहे. वर्ग घेणाऱ्या आपल्या दोघा तरुणांनी स्वतः अजिंठ्याला जावे, दोन दिवस राहावे, शिलालेखांसमोर उभे राहून टिपणे काढावीत. त्यांचा एसटीचा, राहण्याचा आणि दोन चांगल्या पुस्तकांचा खर्च हवा आहे. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार-बुधवार धरले आहेत.