घटनेचे सल्लागार : सर बेनेगल नरसिंग राव



दरवर्षी वर्गात भारतीय राज्यघटनेचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा उभा राहतो नि विचारतो, "सर, घटना खरी लिहिली कोणी? बाबासाहेबांनी, की त्या राव नावाच्या अधिकाऱ्यानं?" त्याच्या विचारण्यात चौकशीपेक्षा खोचच अधिक असते. कुठे तरी काही ऐकलेले असते आणि एकाचे श्रेय काढून दुसऱ्याच्या पदरात घालायची घाई असते. तास संपत आलेला असतो, आणि उत्तर मात्र दोन वाक्यांत देण्यासारखे नसते. ते आज जरा सावकाश द्यावे म्हणतो.

बेनेगल नरसिंग राव यांचा जन्म 1887 साली मंगळूरचा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात गेले, आय.सी.एस. झाले आणि बंगाल प्रांतात नोकरीस लागले. पुढे आसामात सरकारच्या कायदेखात्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि तिथून त्यांची वाट ठरली. 1935 चा हिंदुस्थान सरकारचा कायदा झाला, तेव्हा देशातले जुने सगळे कायदे नव्या व्यवस्थेशी जुळवून घ्यायचे होते. कलमामागून कलम तपासायचे, एक शब्द बदलला तर दहा ठिकाणी काय होईल ते पाहायचे. हे काम रावांनी केले. 1938 साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. नंतर ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. सिंधूच्या पाण्यावरून सिंध आणि पंजाब यांच्यात तंटा लागला, तेव्हा त्याच्या चौकशी आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले.

आपल्याकडच्या लोकांना जवळचे वाटावे असे त्यांचे काम म्हणजे हिंदू कायदा समिती. ही समिती 1941 साली नेमली गेली, आणि ती राव समिती म्हणूनच ओळखली जाते. पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे तिचे सभासद होते. विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हक्क देणारा, डॉ. देशमुख यांच्या नावाने ओळखला जाणारा 1937 चा कायदा अपुरा पडत होता. तो तपासायचा हे समितीचे पहिले काम. परंतु राव आणि त्यांचे सहकारी या निष्कर्षाला आले, की ठिगळे लावून भागणार नाही, सबंध कायदाच एकसूत्री केला पाहिजे. 1945 साली समिती मुंबई, पुणे, नागपूर, कलकत्ता, मद्रास, लाहोर अशी गावोगाव साक्षी घेत फिरली. विरोध कडवा होता. समितीतल्याच एका सभासदाने, द्वारकानाथ मित्तर यांनी, भिन्न मत नोंदवले. रावांच्या मसुद्यात बापाच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. आज तो थोडा वाटेल, पण त्या काळी तेवढ्यानेच वादळ उठले! पुढे डॉ. आंबेडकरांनी हे विधेयक हाती घेतले, तेव्हा मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा करण्यात आला. आणि ते विधेयक रखडले म्हणून 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले. 1955 आणि 1956 साली चार स्वतंत्र कायदे झाले, त्यांचे मूळ या समितीच्या कामात आहे. तेव्हा पाहा, ही दोन माणसे एकमेकांसमोर उभी नव्हती. एकाने मांडलेले काम दुसऱ्याने पुढे नेले होते.

आता घटनेकडे येऊ. 1946 साली राव घटना समितीचे सल्लागार झाले. ते समितीचे सभासद नव्हते, त्यांना मत नव्हते, आणि हे काम त्यांनी पगार न घेता केले. समितीच्या निरनिराळ्या उपसमित्यांनी जे ठरवले, त्याला कलमांचे रूप देऊन ऑक्टोबर 1947 मध्ये त्यांनी पहिला मसुदा तयार केला. त्यात 243 कलमे आणि 13 परिशिष्टे होती. मग ते अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि इंग्लंड या देशांत जाऊन तिथल्या जाणत्यांना भेटून आले.

अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी त्यांचे बोलणे झाले. लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाचे कायदे मूठभर न्यायाधीशांनी मोडीत काढावेत, हे फ्रँकफर्टरांना लोकशाहीशी विसंगत वाटत होते. रावांना ते पटले. त्यांच्या सल्ल्यावरून व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातले अमेरिकन धर्तीचे शब्द गेले आणि 'कायद्याने ठरवून दिलेली पद्धत' हे जपानच्या घटनेतले शब्द आले. हेच आपले 21 वे कलम. त्याची किंमत 1950 सालीच गोपालन खटल्यात कळली. विधिमंडळाने कायदा केला ना, मग ती पद्धत न्याय्य आहे की नाही हे न्यायालयाने पाहायचे नाही, असा त्या निकालाचा अर्थ झाला. ती पद्धत न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी खटल्यात सांगितले, तेव्हा 1978 साल उजाडले होते. मोठ्या पंडिताचा सल्लाही चुकू शकतो. म्हणूनच सल्लागार वेगळा आणि निर्णय घेऊन त्याची जबाबदारी उचलणारा वेगळा.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. रावांच्या 243 कलमांची मसुदा समितीने 315 केली, आणि शेवटी ती 395 झाली. मधल्या काळात सभागृहात 2,473 दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्यांतली कोणती घ्यावी, कोणती का नाकारावी, हे दिवसेंदिवस उभे राहून सांगायचे काम प्रामुख्याने डॉ. आंबेडकरांनी केले. तो भार सल्लागाराचा नव्हताच. आणि 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी स्वतः सांगितले, की हे श्रेय आपले एकट्याचे नाही, त्याचा काही भाग सर बी. एन. राव यांचा आहे. त्यांच्या पाठोपाठ मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचेही नाव त्यांनी घेतले. ज्यांनी काम केले त्यांनी हिशेब असा चोख ठेवला असताना, आपण तो कशाला बिघडवायचा?

राव पुढे संयुक्त राष्ट्रसंघात भारताचे प्रतिनिधी झाले. जून 1950 मध्ये कोरियाचे युद्ध पेटले, तेव्हा सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षस्थानी तेच होते. 1952 पासून ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश होते, आणि 30 नोव्हेंबर 1953 रोजी झुरिच येथे त्यांचे देहावसान झाले.

आपल्या देशाला भाषणे करणाऱ्यांची वाण कधीच पडली नाही. सगळी कागदपत्रे वाचून, दोन्ही बाजू मांडून, आपला सल्ला स्पष्ट द्यावा आणि मग निर्णय ज्याचा त्याच्यावर सोपवून बाजूला बसावे, अशी माणसे मात्र थोडी. नरसिंग राव त्यांतले होते. त्यांची आठवण ठेवायची ती त्यासाठी ठेवू या. दुसऱ्या कोणाला लहान करण्यासाठी नको.