पार्सलं वाहता वाहता जमणारे तास

अमेरिकेत व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स साधारण 250 तासांच्या उड्डाणावर मिळतं. प्रवासी विमान कंपनीत मात्र 1500 तासांची अट. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं, त्यानंतर कायदा बदलला आणि 2013 पासून सहवैमानिकालाही ही अट लागू झाली.

मधले तास काढायचे कुठे? बरेच जण प्रशिक्षक होऊन नवशिक्यांना शिकवतात. दुसरी वाट मालवाहू फीडरची. फेडेक्सचं मोठं विमान मुख्य विमानतळावर पार्सलं उतरवतं. तिथून छोट्या गावांकडे ती नेतं एका इंजिनाचं सेसना कॅराव्हॅन. विमान फेडेक्सचं, पण ते चालवतात माउंटन एअर कार्गो किंवा एम्पायर एअरलाइन्ससारख्या छोट्या कंपन्या. यूपीएससाठी असंच काम अमेरिफ्लाइट करते.

कॅराव्हॅनमध्ये बहुधा वैमानिक एकटाच. ढगांतून, फक्त उपकरणांच्या भरवशावर असं उडायचं तर नियमाने किमान 1200 तास लागतात, त्यांतले 100 रात्रीचे. म्हणजे कोऱ्या लायसन्सवर कॅप्टनची खुर्ची नाहीच. एम्पायरच्या एटीआरसारख्या दोन वैमानिकांच्या मोठ्या विमानात सहवैमानिकालाही साधारण 1500 तासांचीच अट लागते, त्यामुळे नवख्याने आधी प्रशिक्षक होऊन तास जमवावेत हे उत्तम.

पगार मोठ्या कंपन्यांहून कमी, वेळा आडनिड्या. पण बर्फ, वादळ, आडगावच्या धावपट्ट्या यांतून हात तयार होतो.

भारतात 200 तासांच्या लायसन्सवरही थेट एअरबसमध्ये सहवैमानिक होता येतं. त्यामुळे ही मधली पायरी इथे फारशी रुजलेली नाही.