दगडाचे अंतरंग

(वालूर, जि. परभणी येथे विद्यार्थी व ग्रामस्थांसमोर केलेले भाषण)



सभास्थानी येण्यापूर्वी आपली बारव पाहून आलो. श्रमदानाने गाळ उपसून आपण तिच्या पायऱ्या पुन्हा उजेडात आणल्यात, त्याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. त्या पायऱ्यांवर उभा असताना मनात एक प्रश्न आला. या काळ्या पाषाणात वजनाच्या सुमारे १० टक्के लोह असते. म्हणजे आपला परभणी जिल्हा लोहावरच वसला आहे! मग येथे एकही लोहखाण का नाही?

उत्तर रसायनशास्त्रात आहे. या पाषाणातील बहुतेक लोह सिलिकेच्या संयुगांत विखुरलेले आणि जखडलेले असते. ते सोडविण्याचा खर्च लोखंडाच्या मोलाहून अधिक. ज्या खनिजातून धातू परवडेल अशा रीतीने मिळतो, त्यालाच 'धातुक' म्हणतात. गडचिरोलीतील सुरजागडचे हेमेटाइट हे लोह आणि प्राणवायू यांचे संयुग आहे. ते शुद्ध असेल, तर १०० किलोंत ७० किलो लोह. मॅग्नेटाइटमध्ये हेच प्रमाण ७२ किलो.

आपल्याच पाषाणाची दुसरी कथा ऐका. सह्याद्रीच्या माथ्यावर दीर्घकाळच्या पर्जन्याने त्यातील सिलिका धुऊन नेली. ॲल्युमिनियम आणि लोह मागे राहिले. कोल्हापूरच्या पठारांवरील बॉक्साइट असे जन्मास आले. पाषाण तोच, अंतरीची घटना पालटली आणि मोल पालटले.

शिसे आणि जस्त यांची सोयरीक गंधकाशी. गॅलेनात १०० किलोंमागे सुमारे ८७ किलो शिसे, तर स्फॅलेराइटमध्ये ६७ किलो जस्त. ही धातुके आधी हवेत भाजून गंधक घालवावा लागतो, मग कोळशाने प्राणवायू काढून घ्यावा लागतो. जस्त मात्र मोठे हट्टी. ते ९०७ अंशांवरच उकळते, म्हणून भट्टीत सुटते तेच वाफ होऊन. आणि हवा लागताच पुन्हा भस्म होते. उदयपूरजवळील जावरच्या कारागिरांनी मातीच्या मुशी उलट्या मांडून ती वाफ खाली थंड भांड्यात उतरविली. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात ही कृती वर्णिली आहे. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण नुसत्या अभिमानाने भट्टी पेटत नाही. ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती गेले नाही, तर त्याचे पुरावे उत्खननातच शोधावे लागतात.

भंडारा-नागपूर पट्ट्यातील मॅंगनीजचेच पाहा. पायरोल्युसाइट आणि ब्राउनाइट ही तेथील प्रमुख धातुके. पोलादाला मॅंगनीजवाचून गत्यंतर नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश कंपनीने ते खणून जहाजांनी परदेशी धाडले. त्याचा सखोल अभ्यासही फर्मर या इंग्रज भूवैज्ञानिकाने केला. त्याचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका खडकाला त्याने गोंड समाजावरून 'गोंडाइट' हे नाव दिले. खडकाला नाव मिळाले. भूमिपुत्रांच्या वाट्याला मजुरी आली. १९६२ मध्ये मॉइल कंपनी स्थापन झाली आणि १९७७ मध्ये ती पूर्णतः सरकारी मालकीची झाली. खाणी आपल्या झाल्या. परंतु दगडाची घटना ज्याला कळते, तोच त्याची किंमत ठरवितो. कच्चे धातुक विकणारा देश आणि त्यापासून पोलाद घडविणारा देश यांच्यातील अंतर हे ज्ञानाचे अंतर आहे.

विद्यार्थी मित्रहो, आरंभ लहान असू द्या. एखादा जड दगड मिळाला, तर कपाच्या तळाच्या खरबरीत कडेवर घासून पाहा. रेघ तांबडी उमटली, तर हेमेटाइटची शक्यता. काळी उमटली आणि दगड चुंबकाकडे ओढला गेला, तर मॅग्नेटाइटची. मग त्याचे रासायनिक सूत्र वहीत लिहा आणि शंभरात लोह किती, हे स्वतः काढा.

आपण गाळ उपसला, तेव्हा बारव होती तेथेच होती. दिसू लागली एवढेच. आपल्या भूमीच्या संपत्तीचेही तसेच आहे. ती पाहण्याची दृष्टी या गावातील मुलामुलींना लाभो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.