यंत्र एकट्याचे, भाषा सर्वांची

(उज्जैन येथील एका मराठी शिक्षकाने सीमाभागातील वाचनालयाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मी उज्जयिनीहून आलो आहे. आपणां सीमावासीयांप्रमाणेच आम्हीही महाराष्ट्राच्या बाहेरचे मराठी. परंतु आपली आणि आमची कथा एक नव्हे. आपण ज्या भूमीवर उभे आहात तेथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली गेली. आम्ही मात्र शिंद्यांच्या घोडदळामागून माळव्यात गेलो. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, आणि १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी आमची घरे क्षिप्रेच्या काठीच राहिली. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशातील सुमारे बारा लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. त्यांतील बहुतेकांची मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकतात. मराठी शाळेच्या आधारावाचून भाषा कशी टिकते आणि कशी निसटते, याचा अनुभव आमच्या गाठी आहे. तोच आज आपणांपुढे ठेवावा, अशी माझी इच्छा आहे.

विषय आहे नव्या पिढीच्या हातातील यंत्राचा. या यंत्राने शिक्षणाचे स्वरूप पालटले, वृत्तपत्राचा वाचक पालटला, नाटकाचा आणि नभोवाणीचा श्रोताही पालटला. हे आता सर्वश्रुत आहे. त्याविषयी दोन टोकांची भाषणे आपण नित्य ऐकतो. एक पक्ष म्हणतो, फोनने पिढी बिघडविली. दुसरा म्हणतो, फोनने ज्ञानाची द्वारे उघडली. माझ्या मते दोन्ही पक्ष यंत्रात काय दिसते याचाच विचार करतात. ते यंत्र किती जणांचे आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही; आणि मराठी घरांपुरते बोलायचे तर खरा प्रश्न तोच आहे.

उज्जैनमध्ये सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तेथे काम केले. तेथील शंकुयंत्र अगदी साधे आहे. मध्ये एक उभा शंकू आणि त्याची पडणारी छाया, एवढाच त्याचा पसारा. पण तेथे पंडित येवो की शेतकरी, म्हातारा येवो की पोर, सर्वांना एकच छाया दिसते. ते सर्वांचे यंत्र आहे. आज खिशातील यंत्रात मात्र प्रत्येकाला निराळी छाया दिसते. ते यंत्र आपण काल काय पाहिले हे मोजते आणि आज त्याच जातीचे पुढे करते. एकाच खोलीत बसलेल्या चार माणसांपुढे चार निरनिराळी जगे उभी राहतात आणि कोणाचे जग कोणाच्या कानी पडत नाही.

कानी पडणे हे शब्द मी मुद्दाम वापरतो. आमच्याकडे मुलांना मराठी कोणी शिकविली? शाळेने नव्हे. बहुतेक घरी आईबापांनीही ती पाटीपेन्सिल घेऊन शिकविली नाही. ती कानावर पडत गेली. घरात एक रेडिओ असे. तो आजोबांच्या ताब्यात असे आणि आजोबांना जे ऐकावयाचे तेच सर्व घर ऐके. पुणे आकाशवाणीवरून १९५५ च्या एप्रिलपासून १९५६ च्या एप्रिलपर्यंत माडगूळकर-फडक्यांचे गीतरामायण प्रसारित झाले, छप्पन्न गीते. आठवड्यातून एकदा येणाऱ्या त्या गीतासाठी महाराष्ट्रातील किती घरे एका रेडिओभोवती जमत, हे आपल्यांतील वडीलधाऱ्यांनी पाहिले किंवा ऐकले असेल. त्या घरांतील पोरांना रामायण ऐकण्याची हौस होतीच असे नाही. पण खोली एक आणि यंत्र एक, त्यामुळे सुटका नव्हती. त्या न सुटण्यातच भाषेचे शिक्षण होते!

पुढे दूरचित्रवाणी आली. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रामायण मालिकेसाठी शेजारपाजार एका पडद्यापुढे बसत असे. ती मालिका हिंदी होती. पण तिच्यावरची चर्चा मराठी घरात मराठीतच होत असे. १९९९ पासून खाजगी मराठी वाहिन्या उपग्रहावरून येऊ लागल्या आणि माळव्यातील आजीबाईंना रोज संध्याकाळी मराठी मालिका मिळू लागली. नातवंडे त्या मालिकेला नाके मुरडीत. पण मुरडता मुरडता ऐकतही होती. हिंदी शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या तोंडी 'कशाला उगाच' आणि 'असू दे गं' हे शब्द आले ते बरेचसे या वाटेने.

मग २०१६ च्या सप्टेंबरात नव्या कंपनीने जवळजवळ फुकट इंटरनेट वाटण्यास प्रारंभ केला, आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. जी शाळा कालपर्यंत फोन दप्तरात सापडला तर जप्त करीत होती, तिनेच आता फोन घेऊन बसा असे सांगितले. मुलांचा त्यात काय दोष? 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, असे आढळले. अशा मुलांपैकी ५७ टक्क्यांनी त्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. हे खेड्यांचे आकडे आहेत. शहरांतील चित्र याहून सौम्य असेल, असे मानण्यास जागा नाही.

या यंत्राने काही दिलेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पूर्वी उज्जैनच्या मुलाला मराठी पुस्तक हवे असेल तर कोणी पुण्याहून येईपर्यंत वाट पाहावी लागे. आज बालभारतीची पाठ्यपुस्तके घरबसल्या विनामूल्य उतरवून घेता येतात. 'किशोर' मासिक १९७१ साली निघाले. त्याचे जुने अंकही तसेच वाचावयास मिळतात. नाटके, कीर्तने, व्याख्याने, चित्रपट सारे दाराशी आले आहे. मराठी सामग्रीचा एवढा सुकाळ आमच्या तीन पिढ्यांनी पाहिला नव्हता. मग सुकाळात भाषा का रोडावते?

याचे उत्तर मला एका प्रयोगात सापडले. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००३ साली प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांना त्यांनी चिनी भाषा ऐकविली. काही बालकांपुढे चिनी बोलणारे माणूस प्रत्यक्ष बसून खेळे आणि गोष्टी सांगे. दुसऱ्या गटाला त्याच माणसाचे बोलणे पडद्यावर दाखविले. बारा बैठकी झाल्या. ज्यांच्यापुढे माणूस होते ती बालके चिनी ध्वनींतील भेद ओळखू लागली. ज्यांच्यापुढे नुसता पडदा होता ती मात्र, चिनीचा एक शब्दही न ऐकलेल्या बालकांहून पुढे गेली नाहीत. ध्वनी तोच, शब्द तेच. उणे होते ते माणूस. प्रयोग तान्ह्या बालकांवरचा आहे, तो मोठ्या मुलांना जसाच्या तसा लावू नये, हे मी जाणतो. परंतु आमच्या घरांत जे घडते त्यावर तो प्रकाश टाकतो. रेडिओ एकटा शिकवीत नव्हता. रेडिओ ऐकून आजोबा जे बोलत, आजी जे विचारी, काका जी थट्टा करीत, ते शिकवीत होते. कानात बोंडे घालून एकट्याने मराठी चित्रपट पाहणारा मुलगा मराठी ऐकतो खरा. पण त्याला उत्तर कोणाला द्यावयाचे असते?

आणि लिहिण्याचे काय? आमची मुले हिंदी शिकतात, म्हणजे देवनागरी त्यांना येते. मराठी वाचण्यास त्यांना नवे अक्षर शिकावे लागत नाही. तरीही आजीला पाठविलेला निरोप रोमन अक्षरांत असतो, किंवा यंत्राला बोलून लिहून घेतलेला असतो. आणि ते यंत्र हिंदीवर लावलेले असले की मराठी वाक्य हिंदी वेषात बाहेर पडते. आपल्याकडे तर कित्येक मुले कन्नड किंवा इंग्रजी शाळांत जातात. त्यांची देवनागरी सुटली तर वाट अधिक बिकट होईल.

लिपी सुटली म्हणजे काय होते, याचा दाखला मराठ्यांच्या जुन्या दप्तरांत आहे. त्या काळचा मराठी कारभार मोडीत चाले. पुढे छापखाना आला. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. छापखान्याने बालबोध अक्षर उचलले आणि हाताचे अक्षर मागे पडत गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी नित्य व्यवहारातून मावळली. २०१४ साली संगणकाच्या जागतिक लिपिसंचात मोडीला स्थान मिळाले. यंत्राला मोडी आली, पण ज्या घरांत पणजोबांची मोडी पत्रे आहेत त्या घरांतील बहुतेकांना ती लागत नाहीत. मोडी कोणी हिसकावून घेतली नव्हती. एका पिढीने सोयीचे साधन धरले, दुसरे ठेवून दिले, आणि मधला पूल बांधण्यास कोणाला सवड झाली नाही. आज आपणही तशाच वळणावर उभे आहोत.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. हिंदी आमची वैरीण नाही आणि कन्नड आपली वैरीण नाही. मुक्तिबोध कुटुंबाचा उज्जैनशी निकटचा संबंध होता. त्यांतील थोरले गजानन माधव हिंदीचे युगप्रवर्तक कवी झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले आणि १९७९ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका घरातून दोन भाषांना कवी मिळाले, कारण त्या घरात माणसे एकमेकांशी बोलत होती. घर बोलके असेल तर शेजारची भाषा घराला समृद्ध करते; घर मुके झाले तर तीच भाषा रिकामी जागा व्यापते. त्यात तिचा अपराध नसतो.

वृत्तपत्रांनाही याच दृष्टीने आपल्या वाचकाकडे पाहावे लागेल. एक अंक घरात आला की पूर्वी पाच जण तो वाचीत, आणि ज्याला अक्षर लागत नसे त्याला कोणी तरी वाचून दाखवी. आज तोच मजकूर पाच फोनांवर पाच वेळा उघडतो, किंवा एकदाही उघडत नाही. पण त्यावर घरात वाद होत नाही. प्रेक्षकांची संख्या वाढते आणि सभा मात्र नाहीशी होते. ज्या चळवळीचे बळ एकत्र येण्यात आहे तिने याची चिंता वाहू नये काय? शाळा न्यायालयात मागता येते, पाटी रस्त्यावर मागता येते. मुलाचा कान मात्र कोणत्याही कचेरीत अर्ज करून मिळत नाही.

मग करावे काय? फोन काढून घ्या, असे मी सांगणार नाही. ते आता शक्यही नाही आणि इष्टही नाही. मी एवढेच म्हणतो की दिवसातून अर्धा तास ते यंत्र सर्वांचे करा. कानातील बोंडे काढा, आवाज खोलीत सोडा. जे ऐकावयाचे ते सर्वांनी ऐका आणि मग त्यावर बोला. निवड एक दिवस आजीची असावी, एक दिवस नातीची. नातीने निवडलेले गाणे आपल्याला रुचले नाही तरी चालेल. न रुचल्याचे मराठीत सांगता येईल! दैनिकातील एक बातमी मुलाने मोठ्याने वाचून दाखवावी. घरातले निरोप देवनागरीत लिहावेत. चुका झाल्या तर हसू नये. वाचनालयांनी मुलांना गावातील वृद्धांकडे पाठवावे आणि त्याच फोनवर त्यांची बोली, ओव्या, आठवणी त्यांच्या अनुमतीने उतरवून आणवाव्यात. ज्याने म्हाताऱ्या माणसापुढे तासभर बसून प्रश्न विचारले, त्याला ती भाषा पुस्तकाहून अधिक लागते. आणि संपादकांनी मुलांच्या पत्रांसाठी आठवड्यातून एक रकाना राखावा; कारण लिहिणारा मुलगा निर्माण झाला की वाचणारा आपोआप निर्माण होतो.

यांतील एकाही गोष्टीला सरकारी मंजुरी लागत नाही, अनुदान लागत नाही, निकालाची वाट पाहावी लागत नाही. आम्हां उज्जैनकरांना हे उमगण्यास विलंब लागला. कित्येक घरांत आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो, इथवर मजल आली आहे. आपल्याकडे अद्याप शाळा आहेत, वाचनालये आहेत, मराठी दैनिक सकाळी दाराशी पडते आहे. हे भांडवल हाती आहे तोवर त्याचा विनियोग करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.