राखणदाराचं घर



या परिषदेत वनरक्षकांसमोर आज मी बोलणार आहे दक्षिण आफ्रिकेतल्या खासगी रानांतल्या गेंड्यांविषयी.

काझीरंगातला गेंडा सरकारी जंगलात राहतो आणि त्याची राखण सरकार करतं. दक्षिण आफ्रिकेत १९९१च्या कायद्याने पुरेसं कुंपण घातलेल्या जमिनीच्या मालकाला आतल्या वन्यप्राण्यांवर मालकी सांगता येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथला पांढरा गेंडा शंभराच्या आत उरला होता. तो पुढे हजारोंनी वाढला, त्यात या जमीनमालकांचा वाटा मोठा आहे. आज त्या देशातले निम्म्याहून अधिक पांढरे गेंडे खासगी जमिनीवर चरतात.

पण मालकी आली की राखणही आली. २००७ साली त्या देशात चोरट्या शिकारीत १३ गेंडे मारले गेले, २०१४ साली १,२१५. क्लर्क्सडॉर्पजवळच्या एका फार्मवर दोन हजार गेंडे होते. मालकाला खर्च झेपेना, म्हणून एप्रिल २०२३मध्ये लिलाव काढला. एकही बोली लागली नाही. शेवटी आफ्रिकन पार्क्स या संस्थेने तो कळप पदरात घेतला.

मग मालकांनी काय करावं? शिंगं कापतात. भुलीचा डार्ट लागला की काही मिनिटांत ते धूड डगमगतं आणि खाली बसतं. डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे. मुळाशी असलेला जिवंत भाग राखून यांत्रिक करवत फिरते. शिंग म्हणजे आपल्या नखांसारखं केराटिनच, रक्त येत नाही. खाली पडलेला भुसासुद्धा वेचून घेतात, कारण काळ्या बाजारात त्यालाही गिऱ्हाईक आहे. उतारा टोचला की जनावर उठून चालू लागतं. दीड-दोन वर्षांनी पुन्हा तेच. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या अभयारण्यांचा अभ्यास २०२५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. शिंगं कापल्यावर शिकार ७८ टक्क्यांनी घटल्याचं त्यात आढळलं. उपाय मोलाचा आहे, यात शंका नाही. तरी उरलेल्या खुंटासाठीही गेंडे मारले जातात.

शिवाय जिथे कुंपणच शेत खातं, तिथे करवत पुरी पडत नाही. कळप कुठे आहे, गस्त कधी बदलते, ही खबर आतल्या माणसाकडून विकत घेतली जाते. जो विकत नाही, त्याच्या जिवावर बेततं. टिंबावती या खासगी अभयारण्यात अँटन म्झिंबा पंचवीस वर्षं राखणदार होते, पुढे रक्षकांचे प्रमुख झाले. धमक्या येत होत्या, तरी ते हटले नाहीत. जुलै २०२२मध्ये त्यांना गोळ्या घालून मारलं, तेही रानात नव्हे, त्यांच्या राहत्या घरी. पत्नीलाही गोळी लागली.

ही घटना मला झोपू देत नाही. हेलिकॉप्टर, श्वानपथक, कॅमेरे यांवर आपण मुक्त हस्ताने खर्च करतो, पण ड्यूटी संपवून गावी परतणाऱ्या माणसाच्या दाराशी कोणी नसतं. त्याच परिसरातल्या बलुले अभयारण्यात २०१३पासून ‘ब्लॅक माम्बा’ पथकाच्या स्त्रिया बिनहत्यारी गस्त घालतात. त्या आसपासच्या गावांतल्या आहेत आणि तिथल्या शाळांतल्या मुलांनाही शिकवतात. गाव आपलं असेल तर खबर विकणं अवघड जातं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या महाराष्ट्रातही रोजंदारीवरचे वनमजूर रात्री-अपरात्री जंगलात उभे असतात. म्हणून या परिषदेला माझी विनंती आहे : उद्याच्या सत्रात पहिला ठराव त्यांच्या पगाराचा, विम्याचा आणि घरच्यांच्या सुरक्षेचा मांडा. बाकीचे ठराव त्यानंतर घ्या.