‘ट्रस्ट’ : एका शब्दाचा प्रवास
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



‘ट्रस्टची सभा’, ‘ट्रस्टची जागा’, ‘ट्रस्टी मंडळ’ असे शब्दप्रयोग आज मराठी, गुजराती, कानडी वा मारवाडी बोलणाऱ्या प्रत्येक घरात सहज होतात. शब्द इंग्रजी आहे, याचेही भान उरत नाही. ज्या शब्दावर धर्मस्थाने, पाठशाळा, धर्मशाळा आणि औषधालये उभी आहेत, त्याचे मूळ कोठले आणि त्याला किती अर्थ चिकटले, याचा विचार सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी उद्बोधक ठरेल.

शब्दाचे कूळ

‘ट्रस्ट’ हा शब्द इंग्रजीत साधारण तेराव्या शतकाच्या प्रारंभापासून आढळतो. त्याचा संबंध उत्तर युरोपातील प्राचीन नॉर्स भाषेतील ‘त्राउस्त’ या शब्दाशी जोडला जातो. त्याचा अर्थ आधार, भरवसा. जर्मन भाषेतील त्याचा भाऊबंद ‘त्रोस्त’ म्हणजे सांत्वन. ‘ट्रू’, म्हणजे खरा, हाही याच कुळातील शब्द. अनेक भाषाशास्त्रज्ञ या कुळाचे मूळ ‘घट्ट, भक्कम लाकूड’ या अर्थाच्या धातूपर्यंत नेतात. इंग्रजी ‘ट्री’ आणि संस्कृत ‘दारु’ व ‘द्रुम’ हे शब्द त्याच धातूचे मानले जातात. ‘देवदार’ वृक्षाच्या नावात हा ‘दारु’ आजही उभा आहे. ज्याला टेकले असता जो मोडत नाही, तो ट्रस्ट, असा या शब्दाचा मूळ भाव आहे.

अपरिग्रही साधू आणि इंग्लंडचा कायदा

मनातील भरवशाचा हा शब्द कायद्यात कसा आला, याची कथा जैन श्रोत्यांना विशेष जवळची वाटेल. इ. स. १२२४ मध्ये संत फ्रान्सिस यांच्या संप्रदायाचे भिक्षू इंग्लंडमध्ये आले. त्यांना मालमत्ता बाळगण्यास सक्त मनाई होती. श्रद्धाळू गृहस्थांना त्यांच्या निवासासाठी घर द्यावयाचे होते. परंतु घेणाऱ्याला मालकीच वर्ज्य! तेव्हा घर नगरसंस्थेच्या वा अन्य गृहस्थांच्या नावे करावे आणि भिक्षूंनी त्याचा केवळ उपयोग घ्यावा, असा मार्ग निघाला. मालकी एकाकडे, लाभ दुसऱ्याकडे. या व्यवस्थेला इंग्लंडमध्ये ‘यूज’ म्हणत. जमीनदारांनीही आपल्या वारसांच्या सोयीसाठी आणि सरंजामी देणी चुकविण्यासाठी तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला.

परंतु तिच्यात एक मोठी उणीव होती. सामान्य न्यायालये फक्त नाव पाहत. ज्याच्या नावावर जमीन तो मालक. त्याने शब्द फिरविला तर लाभार्थीला तेथे दाद नव्हती. असे फसविले गेलेले लोक राजाच्या चॅन्सेलरकडे धाव घेऊ लागले. चॅन्सेलर दस्तऐवजाबरोबर सदसद्विवेकालाही विचारीत : ही वस्तू तुझ्याकडे कोणासाठी सोपविली होती? या प्रश्नातून ‘इक्विटी’ नावाची न्यायशाखा विकसित झाली. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ मध्ये, कायदा करून बहुतेक ‘यूज’ मोडीत काढण्यात आले. तथापि पुढील शतकात चॅन्सरी न्यायालयाने तीच कल्पना ‘ट्रस्ट’ या नावाने पुन्हा प्रस्थापित केली.

ट्रस्टीचे कर्तव्य किती कठोर, हे १७२६ च्या एका निकालात दिसते. लंडनजवळील रॉमफर्ड बाजाराचा भाडेपट्टा एका अज्ञान वारसासाठी ट्रस्टीकडे होता. मुदत संपत आली तेव्हा त्याने मुलासाठी नूतनीकरण मागितले. मूळ मालकाने नकार दिला. मग ट्रस्टीने तो पट्टा स्वतःच्या नावे घेतला. मुलाला तो मिळणारच नव्हता, मग त्याचे काय बिघडले? तरीही लॉर्ड चॅन्सेलर किंग यांनी पट्टा आणि त्यावरील नफा मुलाला देवविला. जगात अन्य कोणीही तो पट्टा घेऊ शकला असता, केवळ ट्रस्टीने घ्यावयाचा नव्हता, असा त्या निकालाचा आशय आहे.

अर्थाची वळणे

व्यापारात ‘ऑन ट्रस्ट’ माल देणे म्हणजे उधारीवर देणे. १८९५ मध्ये इंग्लंडात ऐतिहासिक वास्तू व निसर्गस्थळे जपण्यासाठी ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापन झाला. मुंबईत १८७३ मध्ये ‘पोर्ट ट्रस्ट’ आला आणि प्लेगच्या साथीनंतर, १८९८ मध्ये, नगररचनेसाठी ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’. येथे ट्रस्ट म्हणजे लोकहिताचे काम सोपविलेले मंडळ.

सर्वांत विलक्षण वळण अमेरिकेत आले. १८८२ मध्ये रॉकफेलर यांच्या तेलव्यवसायातील अनेक कंपन्यांचे भाग नऊ ट्रस्टींकडे सोपवून ‘स्टँडर्ड ऑइल ट्रस्ट’ बनविण्यात आला. हेतू होता बाजार मुठीत ठेवण्याचा. पाहता पाहता ‘ट्रस्ट’ म्हणजे मक्तेदारी असा अर्थ रूढ झाला आणि १८९० मध्ये अमेरिकेला ‘ट्रस्टविरोधी’ कायदा करावा लागला. योगायोग असा, की त्याच १८८२ साली भारतात खासगी न्यासांसाठी इंडियन ट्रस्ट्स ॲक्ट संमत झाला. सार्वजनिक न्यासांसाठी मुंबई राज्याचा कायदा १९५० मध्ये आला. त्यातील काही तरतुदींना एका जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी आव्हान दिले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः वैध ठरविला. परंतु धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली.

महात्मा गांधींनी या शब्दाला आणखी उंचीवर नेले. गीतेतील अपरिग्रह आचरणात कसा आणावा, या चिंतनात असताना स्नेल यांच्या इक्विटीवरील ग्रंथाचे स्मरण झाले आणि ‘ट्रस्टी’ शब्दाचा अर्थ उलगडला, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. श्रीमद् राजचंद्रांचा ठसा ज्यांच्या मनावर उमटला होता, त्यांना कायद्याच्या पुस्तकात अपरिग्रह सापडावा, हे अर्थपूर्ण आहे.

न्यास आणि न्यासापहार

मराठीत ट्रस्टला ‘न्यास’ म्हणतात. नि + अस्, म्हणजे खाली ठेवणे, सोपविणे. त्याच धातूला ‘सम्’ उपसर्ग लागून ‘संन्यास’ शब्द होतो. एकात वस्तू दुसऱ्याच्या हाती ठेवली जाते, दुसऱ्यात ती कायमची सोडली जाते. दोहोंत ‘माझे’ हा भाव सुटतो.

तत्त्वार्थसूत्रात ‘न्यासापहार’ हा अतिचार सांगितला आहे. दुसऱ्याची ठेव बळकावणे ही चोरी. म्हणून तो अचौर्यव्रताखाली असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो सत्याणुव्रताच्या अतिचारांत आहे. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचे स्वरूप फार सूक्ष्म सांगितले आहे. ठेव ठेवणारा संख्या विसरला, त्याने कमी मागितले आणि ठेव सांभाळणारा म्हणाला, ‘होय, एवढीच होती’; हा न्यासापहार. येथे ना कुलूप फुटले, ना खोटा दस्त झाला. दुसऱ्याच्या विस्मरणाला केवळ रुकार दिला गेला.

सार्वजनिक न्यासात हा धोका अधिकच मोठा. पन्नास वर्षांपूर्वी दान देणारे अनेक हात आज नाहीत. काहींच्या वारसांनाही रकमा व उद्देश आठवत नाहीत. विचारणारा कोणी उरत नाही, तेव्हाही पाठशाळेसाठी आलेला निधी पाठशाळेलाच लागला पाहिजे. हिशेब तपासनीसाची सही आवश्यकच आहे. परंतु दाता जे विसरला ते विश्वस्ताने लक्षात ठेवणे, हे त्याहून मोठे कर्तव्य आहे. टेकणारा निश्चिंत झोपला तरी जो हलत नाही, त्या वृक्षाचे नाव ट्रस्ट.

जय जिनेंद्र.