झोपेची गोळी आणि दुसरा दिवस

इंदूरहून निघालेला राजरस्ता खंडवा व बऱ्हाणपूर मागे टाकून इच्छापुरास पोहोचतो. पुढे लवकरच महाराष्ट्राची हद्द लागते. टेकडीवर इच्छादेवीचे देऊळ आहे आणि भोवतालच्या मुलखात केळीचे मळे आहेत. या रस्त्यावर रात्रीही मालमोटारी धावत असतात. वीज येईल त्या वेळी उठून पिकाला पाणी देणारा शेतकरी, बऱ्हाणपुरास यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार आणि मोटारचालक या तिघांचीही निद्रा सूर्याच्या हुकमतीत राहिलेली नाही. अशा माणसाला कोणीतरी झोपेची गोळी सुचवितो.

या गोळ्यांपैकी एक जुनी म्हणजे नायट्राझेपाम. ती १९६५ च्या सुमारास बाजारात आली. तत्पूर्वी निद्रानाशावर बार्बिट्युरेट वर्गातील औषधे देत असत. त्यांतील पहिले १९०३ साली फिशर व फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी पुढे आणले. त्यांची मात्रा थोडी अधिक झाली की श्वासच मंदावे व प्राणावर बेते. नव्या गोळ्या त्या मानाने पुष्कळच निर्धोक ठरल्या. तथापि या निर्धोकपणाच्या ख्यातीनेच लोकांना बेफिकीर केले, असे म्हणावे लागते.

मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य असून ते मज्जापेशींची धावपळ आवरते. नायट्राझेपाम त्याच द्रव्याचा प्रभाव वाढविते आणि डोळा लागतो. परंतु रक्तातील हिचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे एक दिवस लागतो. वृद्धांत त्याहूनही अधिक. म्हणजे पहिल्या रात्रीची गोळी निम्मी शिल्लक असतानाच दुसऱ्या रात्रीची तीत मिसळते. झोप आणि गुंगी हे दोन निराळे शब्द मराठीत उगाच आलेले नाहीत! सकाळी माणूस उठतो, चहा घेतो, आपण जागे आहोत असे त्याला वाटते. मात्र पाय ब्रेकवर पडण्यास क्षणभर उशीर होतो. केळी भरलेल्या मालमोटारीला तो क्षणही महाग पडतो. वृद्ध मनुष्य रात्री लघवीस उठला तर तोल जाऊन त्याचे खुब्याचे हाड मोडण्याचा संभव असतो. सोबत मद्य घेतले असेल तर श्वासावरच संकट येते.

म्हणून ही गोळी मोजक्या रात्रींपुरतीच घ्यावयाची. ब्रिटनमधील औषधसुरक्षा समितीने १९८८ साली या वर्गातील औषधांना दोन ते चार आठवड्यांची मर्यादा सुचविली. त्यापुढे शरीर गोळीला सरावते, तेवढ्याच मात्रेने झोप येईनाशी होते. मग घाबरून कोणी ती एकदम टाकून देतो. हेही घातकच! कारण दबलेली जागृती दुप्पट वेगाने उसळते. धडधड, कंप, क्वचित फेफरेही येते. दीर्घकाळ घेतलेली गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा थोडथोडी उतरवीत, कित्येक आठवड्यांनी सोडवावी लागते.

भारतात १ मार्च २०१४ पासून नायट्राझेपाम ‘एच-१’ अनुसूचीत आहे. चिठ्ठीवाचून ती विकता येत नाही. विक्रेत्याने डॉक्टरांचे व रोग्याचे नाव, औषध आणि त्याचे परिमाण स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावयाची असते. शेजाऱ्याच्या डबीतून उसनी घेतलेली गोळी मात्र कोणत्याच वहीत चढत नाही.